देवक बसेपर्यंत

दुकानात जाऊन, तोंडाने सांगून पाठवलेले असे माझे ई-मेल दोनच. दोन्ही धारहून, दोन्ही सुतकात असताना. नंतर त्या दुकानाची पायरी चढावीशी वाटली नाही.

मुलीचं लग्न ठरलं होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही देवासला. आमचे हे कारखान्यातून रिटायर झालेले, मुलगा दुसऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात, घरात सून. मुलीचं एक स्थळ आधी साखरपुड्यापर्यंत येऊन मोडलं होतं. हे दुसरं. नवरामुलगा मस्कतला नोकरीला, सुट्टीवर आलेला. ज्येष्ठातले मुहूर्त संपत आले होते, त्यातला एक धरला होता. तो चुकला की आषाढी, मग चातुर्मास, आणि तोवर नवरामुलगा परत मस्कतला. पुढच्या वर्षीपर्यंत कोण थांबतं? त्याच्या आईने बोलणीतच सांगून ठेवलं होतं, ‘‘आमच्याकडे अजून दोन ठिकाणचे फोटो येऊन पडलेत हं.’’ हसत सांगितलं होतं, पण सांगितलं होतं.

आमच्या घराण्यात गणपतीनंतरची पहिली अक्षत घरातल्या सर्वांत वडील माणसाला द्यायची, आणि ती हातात द्यायची. वडील माणूस म्हणजे ह्यांचे काका, धारला. नव्वदी उलटलेले. ह्यांचे गुडघे बसचे धक्के सहन करण्यासारखे राहिले नव्हते, आणि तेव्हा आमच्याकडच्या रस्त्यांना रस्ते म्हणायचं ते केवळ सवयीने. सून घर सोडू शकत नव्हती, मुलाला रजा जपून वापरायची होती. म्हणून मी निघाले. इंदूरला बस बदलून धारला पोचले तेव्हा पाठीचा कणा जागेवर आहे की नाही हे चाचपून पाहावं लागलं. सकाळी उठून परत यायचं होतं. दोन दिवसांनी घरी देवक बसायचं, त्याच्या दुसऱ्या दिवशी लग्न.

काकांना अक्षत दिली. त्यांनी ती डोक्याला लावली.

‘‘मुलगा कुठं असतो म्हणालीस?’’

‘‘मस्कतला.’’

‘‘ते कुठं आलं?’’

‘‘समुद्रापलीकडे.’’

‘‘इथे काय कमी होतं त्याला?’’ असं म्हणून दूधभात खाल्ला आणि झोपले. सकाळी उठले नाहीत.

मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं असं लिहिणार नाही. भरपूर जगले, अंथरुणाला खिळले नाहीत, सुनेच्या हातचं जेवून गेले. जाऊबाई, म्हणजे ती सून, रडत होत्या, त्यांनी काकांचं केलं होतं, त्यांचा हक्क होता. मी उभी राहून एकच हिशेब करत होते. दहा दिवस सुतक, आणि चौथ्या दिवशी लग्न. काका आमच्याच गोत्राचे, एका कुळातले. देवासला कळलं की ह्यांना, मुलाला, सगळ्यांना सुतक. लग्न बंद.

यातून एक वाट असते, ती आमच्याकडच्या सगळ्या बायकांना माहीत आहे. सुतक कळल्यापासून धरतात. आणि एकदा देवक बसलं, म्हणजे लग्नाचे देव घरात मांडले गेले, की मागून काही कानावर आलं तरी ते कार्य अडत नाही. म्हणजे देवक बसेपर्यंत देवासला कळता कामा नये, एवढंच. मी मात्र सुटत नव्हते. मी तिथेच होते, काकांच्या तोंडात गंगाजल मीच घातलं होतं. मुलीच्या लग्नात मला आता उभं राहता येणार नव्हतं. ते मी तिथल्या तिथे समजून घेतलं आणि बाजूला ठेवलं. आधी लग्न वाचवायचं होतं.

बायका काकांभोवती बसलेल्या. भाऊजी, म्हणजे काकांचा मुलगा, बाहेरून आले. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, देवळातली पूजाही बघायचे, नियमाला कडक.

‘‘सगळ्यांना कळवून आलो, वहिनी,’’ ते म्हणाले.

‘‘देवासला?’’

‘‘तीनदा फोन लावला. एंगेज. लग्नघर आहे तुमचं. मग मेल टाकला.’’

‘‘कुणाला?’’

‘‘सगळ्या भाऊबंदांना एकदम जातो तो. पुणे, नागपूर, अमेरिका, सगळ्यांची नावं एका ठिकाणी करून ठेवलीत. तुमच्या चिरंजीवांनीच मागे करून दिलं होतं ते.’’

माझा मुलगा ऑफिसात पोचला की आधी कॉम्प्युटर लावतो, हे मला ठाऊक होतं. अभिमानाने घरात सांगायचा. बाकीच्या भाऊबंदांची भीती नव्हती; लग्नघरी असली बातमी कळवायची नाही, हे त्यांच्या घरच्या बायकांनाही ठाऊक होतं.

काकांना नेऊन मंडळी परत येईपर्यंत मी गप्प राहिले. मग भाऊजींना एका बाजूला बोलावलं. डोक्याचे केस काढलेले, डोळे सुजलेले. त्या वेळी हे बोलणं बरं नव्हतं, पण नंतर बोलून उपयोग नव्हता.

‘‘आता देवासला फोन करू नका,’’ मी म्हटलं.

‘‘का?’’

‘‘चौथ्या दिवशी लग्न आहे.’’

‘‘माझे वडील गेलेत वहिनी, आणि तुम्हाला सनई ऐकू येतेय.’’

‘‘तुमच्या वडिलांनी काल अक्षत डोक्याला लावून घेतली. तुमच्यासमोर. त्यांनी नाही म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी.’’

ते म्हणाले, ‘‘फोन नाही करत. पण मेल गेला तो गेला. परत येत नाही तो. चिरंजीवांनी उघडला की कळलं.’’

‘‘आणि नाही उघडला तर?’’

यावर त्यांना विचार करावा लागला. दु:ख बाजूला ठेवून त्यांनी खरोखरच विचार केला, माणूस तसा सरळ. ‘‘न वाचलेल्या पत्राने सुतक लागत नाही,’’ ते सावकाश म्हणाले. ‘‘मेलचंही तसंच धरावं लागेल.’’

‘‘मग त्याचं मी बघते.’’

‘‘तुम्ही बघा. मला त्यात घेऊ नका.’’

एस.टी.डी.वरून मी मुलाला का फोन केला नाही, हे पुढे सुनेनेही विचारलं. घरी फोन केला तर आमचे हे उचलणार. लग्नघरात फोनजवळ खुर्ची टाकून बसलेले असत, दुसरं काही काम जमत नव्हतं म्हणून. ते पहिलं वाक्य विचारणार, काका कसे आहेत. मी काय सांगू? खोटं मला बोलता येत नाही, चेहऱ्यावर आणि आवाजात लगेच दिसतं. ऑफिसातला नंबर घरी भिंतीवर लिहिलेला, माझ्या डोक्यात नव्हता. आणि मेलला आवाज नसतो.

भर दुपारी एकटी बाहेर पडले. सुतकातली बाई अशी फिरताना बघून समोरच्या ओट्यावरच्या दोघी उठून आत गेल्या. भाऊजींनी सांगितलं होतं ते दुकान आधी एस.टी.डी.चं होतं, मालक तोच, आता आत लाकडी खोपट्या करून कॉम्प्युटर मांडलेले. मालक पन्नाशीचा, टक्कल पडलेला. दारातच थांबून म्हटलं, ‘‘भिया, मी कशाला हात लावणार नाही. सुतक आहे.’’

‘‘मास्टरसाब के यहाँ से हो ना? आ जाओ माताजी. इन मशीनों को सूतक नहीं लगता, इनको बस वायरस लगता है.’’

स्टुलावर बसले. मुलाचा पत्ता मला पाठ नव्हता, पण त्याच्याकडे भाऊजींच्या खात्यात होता. मी त्याला विचारलं, सकाळचा मेल मुलाने उघडला की नाही ते इथून दिसतं का.

‘‘नहीं दिखता. गया इतना दिखता है.’’

‘‘उघडायच्या आधी काय दिसतं?’’

‘‘नाम दिखता है, और ऊपर एक लाइन. मास्टरसाब ने कुछ बोला नहीं था तो मैंने ‘अर्जंट’ डाल दिया.’’

‘‘म्हणजे गेल्याचं नाही लिहिलंस वर.’’

‘‘नहीं. अंदर लिखा है.’’

मग त्याने आपणहून सांगितलं की नवा आलेला वर राहतो. आत्ता पाठवला तर मुलाला आधी माझा दिसेल, सकाळचा त्याखाली. सकाळीच वाचून बसला असेल तर गोष्ट संपली. नसेल तर अजून सगळं हातात होतं. ‘‘बोलो, क्या लिखना है,’’ म्हणून त्याने बोटं ठेवली, आणि लाइट गेली.

माळव्यातल्या त्या उन्हाळ्यांत लाइट जाणं ही बातमी नव्हती. पंखा थांबला. तो पुठ्ठ्याने वारा घेत बसला, मी पदराने. मधे एकदोघे डोकावले, ‘‘कब आएगी, भिया?’’ विचारून गेले. तो म्हणाला, ‘‘बिजली वालों की बेटी की शादी होगी तब आएगी.’’ माझ्याकडे बघून जरा ओशाळला. त्याला काही माहीत नव्हतं, पण सुतकातल्या बाईसमोर लग्नाचा विनोद झाला, एवढं त्याला कळलं. मी म्हटलं, ‘‘बोल, काही नाही.’’ पाणी देऊ का विचारलं, मी नको म्हटलं. पहाटेपासून पोटात काही नव्हतं. भिंतीला टेकून डोळे मिटले तर घरचा मांडव दिसायला लागला, म्हणून उघडेच ठेवले.

लाइट आली तेव्हा ऊन कललं होतं. मी मराठीत सांगायचे, तो त्याची हिंदी करून इंग्रजी अक्षरांत मारायचा.

‘‘लिही. मास्तरकाकांकडून एक मेल आला असेल. तो उघडू नकोस.’’

त्याची बोटं थांबली. सकाळचा मेल त्यानेच मारला होता. ‘‘आगे?’’

‘‘देवक आजच्या आज बसवा. गुरुजींना म्हणावं, घरची अडचण आहे, मुहूर्त बघत बसू नका. माझी वाट पाहायची नाही. माझ्या आणि बाबांच्या जागी तू आणि सूनबाई बसा. खोबऱ्याच्या वाट्या कोठीत खालच्या डब्यात आहेत. वरच्या डब्यात जुन्या आहेत, त्या घेऊ नका.’’

‘‘खोपरा भी लिखूँ?’’

‘‘लिही. नाहीतर जुन्याच घेतील.’’

‘‘नीचे क्या? आशीर्वाद?’’

‘‘आई लिही फक्त.’’

त्याच्याकडून पूर्ण वाचून घेतलं. हिंदीत ते कुणा दुसऱ्याच बाईने लिहिल्यासारखं वाटत होतं, पण सगळं होतं. गेला म्हणाला. मी घरी येऊन विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं.

त्या रात्री फोन वाजेल म्हणून माझा कान तिकडे. मुलाने सकाळचा मेल वाचला असता तर आमचे हे ताबडतोब फोन करणार, नाहीतर गुडघे धरून बसमध्ये बसणार. फोन वाजला, पण उज्जैनहून, जाऊबाईंच्या माहेरचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गेले. मालकाने मला बघून एका मुलीला खुर्चीवरून उठवलं. ‘‘जवाब आया है माताजी,’’ म्हणाला, आणि वाचायच्या आधी माझ्याकडे बघितलं.

मुलाने लिहिलं होतं, काल ऑफिसला गेलो नव्हतो, मांडववाल्याच्या मागे फिरत होतो. आज सकाळी दोन्ही दिसले. तुझा उघडला, दुसरा नाही उघडला. गुरुजींशी बोललो, देवक आज संध्याकाळी. तू टेंशन घेऊ नकोस. बाबा विचारतायत, काका कसे आहेत. आणि नवरी रडतेय, आई कधी येणार म्हणून.

मी ते दोनदा वाचून घेतलं. ‘दुसरा नाही उघडला’ हे तिसऱ्यांदा.

मुलगा काही दूधखुळा नव्हता. मास्तरकाकांचा मेल उघडू नको, देवक घाई करा, माझी वाट पाहू नका, असं आईने कळवल्यावर त्याला काय कळायचं राहिलं? पण त्याने विचारलं नाही, आणि वर लिहून दिलं की मी उघडला नाही. त्या एका ओळीत त्याने त्याच्याकडून जेवढं होतं तेवढं केलं.

‘‘लिही,’’ मी म्हटलं. ‘‘मी लग्नाला येत नाही. तिची समजूत सुनेने घालावी, तू घालायला जाऊ नकोस, तुला येत नाही. विहीणबाईंना माझ्या कपाटातली हिरवी साडी द्या. निळी नको, तिच्या काठाला डाग आहे. जेवणात त्यांच्या माणसांना आधी बसवा. बाबांना फार वेळ उभं राहू देऊ नका.’’

‘‘काकाजी का पूछा है,’’ दुकानदार म्हणाला. ‘‘वो रह गया.’’

‘‘राहू दे.’’

‘‘भेज दूँ?’’

‘‘भेज.’’

आमच्या ह्यांचा स्वभाव असा, की बाजारात भाजी आणायला गेले तरी बूथवरून दोनदा फोन करून विचारतील, कोथिंबीर हवी की नको. काकांविषयी त्यांनी विचारलेलं मी उत्तराशिवाय सोडलं, आणि लग्न होईपर्यंत, आणि झाल्यावरही, त्यांनी धारला एकदाही फोन केला नाही.

लग्नाच्या दिवशी मी सुतकघरात होते. तिथे स्वयंपाकाला फोडणी नसते, वरणभात आणि पालेभाजी, तेही मीठ बेताचं. भेटायला येणाऱ्यांची रीघ. भांडी मी घासत होते, कारण बसून राहिलं की लोक जवळ येऊन बोलतात. दुपारी जाऊबाई माझ्याजवळ येऊन उकिडव्या बसल्या.

‘‘ताई, आत्ता मंगलाष्टकं चालली असतील.’’

‘‘असतील.’’

‘‘कुठली साडी नेसणार होती?’’

‘‘पिवळी. वरून शालू.’’

‘‘तिला शोभतं पिवळं.’’

‘‘कुणाला नाही शोभत? ते पातेलं इकडे द्या.’’

त्यांनी पातेलं दिलं नाही, स्वत:च घासायला घेतलं. दोघींनी मिळून भांडी संपवली. संध्याकाळी भाऊजी ओसरीवरून म्हणाले, ‘‘लागलं असेल.’’ मी हो म्हटलं. ते म्हणाले, ‘‘जावई बरा आहे ना?’’ आहे म्हटलं.

तेरावा करून मी देवासला परतले. घरात पाहुणे राहिले नव्हते. मांडवाची भोकं अंगणात तशीच. आमचे हे त्याच खुर्चीवर.

‘‘काका गेले?’’

‘‘गेले.’’

‘‘कधी?’’

‘‘भाऊजींचा मेल आहे मुलाकडे. त्यात लिहिलेलं असेल.’’

ह्यांना काकांनीच शाळेत घातलं होतं, ते धारला काकांकडे राहून शिकले होते. ‘‘मला कुणी सांगितलं नव्हतं,’’ ते म्हणाले.

‘‘नव्हतंच सांगितलं.’’

दुसऱ्या दिवशी मुलगा ऑफिसात मेल उघडून, दुपारीच सुट्टी टाकून घरी आला. दोघा बापलेकांनी सुतकाच्या अंघोळी केल्या, अंगावरच्या कपड्यांनिशी. आमच्या ह्यांनी न्हाणीघरात फार वेळ लावला. बाहेर आले तेव्हा डोळे लाल. डोळ्यांत साबण गेला का हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मुलगी मांडवपरतणीला माहेरी आली तेव्हा जावई मस्कतला परतायच्या घाईत होता, तिचा व्हिसा यायचा होता. दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. सुनेशी हसायची, मी आले की पाणी प्यायला उठायची. तिसऱ्या दिवशी मी गहू निवडत होते तिथे येऊन बसली.

‘‘अल्बम बघितलास?’’

‘‘बघितला.’’

‘‘प्रत्येक फोटोत वहिनी आहे तुझ्या जागी.’’

‘‘दिसलं.’’

‘‘तू येऊन नुसती उभी राहिली असतीस तर कुणी विचारणार होतं का? बाबांनी विचारलं नाही, दादाने विचारलं नाही. आपल्या घरात सगळे न विचारण्यात हुशार आहेत.’’

‘‘मला माहीत होतं ना.’’

‘‘तुला माहीत असून काय झालं असतं?’’

‘‘काही झालं असतं का ते मला नाही सांगता येत. पण पुढे तिकडे तुला नुसता ताप आला असता तरी मी तेच धरून बसले असते, की सुतकात मी अक्षता टाकल्या म्हणून. आणि तुझ्या सासूला कुठून कळलं असतं तर तिनेही तेच धरलं असतं.’’

ती गव्हातले खडे वेचायला लागली. तिला येत नाही ते, चांगले दाणेही टाकते.

‘‘म्हणजे घाबरलीस तू,’’ ती म्हणाली.

‘‘हो.’’

‘‘मग मला तसं लिहायचं. खोबऱ्याच्या वाट्या लिहिल्यास, साडीचा डाग लिहिलास. दादाने मला वाचून दाखवले दोन्ही मेल. माझ्यासाठी एक ओळ नव्हती त्यात, समजूत घाला यापलीकडे.’’

ते खरं होतं. मी तिला काय सांगणार? शेजारच्या खोपटीत कुणीतरी परीक्षेचा निकाल बघत होतं, दारात दोघे ताटकळत होते, आणि परका माणूस माझ्या तोंडाकडे बघून बोटं रोखून बसला होता. त्याला सांगून लिहून घेण्यासारखं जेवढं होतं तेवढंच मी सांगितलं. बाकीचं तिथे तोंडातून निघालं नसतं. घरी तरी कुठे निघतं. मी तिच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं आणि तिने टाकलेले दाणे परत वेचले.

ती मस्कतला गेली. तिचे मेल मुलाच्या ऑफिसात येतात. तो घरी आला की हातपाय धुऊन मला वाचून दाखवतो. तिकडे ऊन फार, कढीपत्ता मिळतो, शेजारी केरळचे. शेवटी विचारलेलं असतं, आई काय म्हणते. मुलगा माझ्याकडे बघतो, ‘‘काय लिहू?’’

‘‘बरं आहे म्हण,’’ मी सांगते.